नव्वद गुंठे आणि एक सूचना

स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर एका सरकारी खात्याची जागा आहे. पडकी गोदामं आणि बाभळी, दुसरं काही नाही. मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवर असतो. माझ्या पाळीतले काहीजण खानापूरहून येऊन-जाऊन करतात, कारण शहरातलं भाडं परवडत नाही. म्हणून विकास आराखड्याचा मसुदा हरकतींसाठी निघाला तेव्हा आम्ही ठरवलं, या जागेवर स्वस्त घरं मागायची. मुदत साठ दिवसांची.

जागेच्या सीटीएस उताऱ्यासाठीच, म्हणजे सिटी सर्व्हेच्या नोंदीसाठीच, बारा दिवस गेले. खिडकीवर रोज तेच, "साहेबरू इल्ल, नाळे बन्नी." साहेब नाहीत, उद्या या. शेवटी दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडून माहिती अधिकारात अर्ज टाकला. कर्नाटकात तो दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर बसवावा लागतो. माझा पहिला मसुदा दोन पानांचा होता! शेजारच्या कन्नड मास्तरांनी तो कापून कन्नडात उतरवला. उत्तर आलं: 2 एकर 10 गुंठे.

मग मारुतीच्या देवळात बैठक. इथं खरी अडचण आली, आणि ती ऑफिसातली नव्हती. सगळ्यांना साइट हवी, म्हणजे स्वतःचा मोकळा प्लॉट. "फ्लॅटात म्हैस कुठं बांधू?" एक काका म्हणाले. मी फळ्यावर हिशेब मांडला. नव्वद गुंठे म्हणजे 98,010 चौरस फूट. निम्मी जागा रस्ते-बागेला सोडली तर तीस बाय चाळीसच्या चाळीसच साइट निघतात. पूर्ण जागेवर दीडचा एफएआर, म्हणजे जागेच्या दीडपट बांधकाम धरून (महाराष्ट्रातले पाहुणे याला एफएसआय म्हणतात) साडेचारशे चौरस फुटांची घरं बांधली तर तीनशे पंचवीसच्या वर. 2015 च्या प्रधानमंत्री आवास योजनेत भागीदारीतून बांधायच्या स्वस्त घरांच्या प्रकल्पाला किमान 250 घरं लागायची. चाळीस साइटवर ते कुठून होणार? काका गप्प झाले, पटलं म्हणून नव्हे.

वडगावची मावशी मात्र उठली. "घर वर चालंल रे, पण माग कुठं बसवू? वरच्या मजल्यावर यंत्रमाग चालला तर खालचा माणूस झोपंल काय?" हे माझ्या डोक्यातच नव्हतं. त्या रात्री सूचना बदलली: तळमजल्यावर मागाचे गाळे, वर घरं. मला वाटतं, आमच्या कागदातलं सगळ्यात शहाणं वाक्य तेच.

छप्पन्नाव्या दिवशी पोच घेतली. सुनावणीत आमच्या वाट्याला पाच मिनिटं आली. साहेबांनी नकाशा बघितला, वाईट काहीच बोलले नाहीत. पण लेखी उत्तर एका ओळीचं: जागा दुसऱ्या खात्याची आहे, त्यांची संमती आणा.

ही संमती आधी मागायला हवी होती, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. आता त्या खात्याला पत्र गेलंय. पोच आहे, उत्तर नाही. मावशी भेटली की विचारते, गाळ्याचं दार किती फुटी ठेवलंय?