चौथ्या दिवसाचा फोटो

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. एरवी हा प्रश्न मी हसण्यावारी नेते. ‘तुझा जन्म गेला प्रयोगशाळेत विषाणू वाढवण्यात, आणि तुझा सख्खा भाऊ म्हणतो विषाणू नावाची गोष्टच नाही. त्याला पटवत का नाहीस?’ विचारणाऱ्याच्या सुरात नेहमी एकच भाव असतो, की मी आळस केला असावा किंवा नातं जपायला तोंड मिटून बसले असावे.

तोंड मी कधीच मिटलं नव्हतं. २०२० मध्ये आम्ही फोनवर रात्र रात्र भांडलो. दादाचं पालुपद एकच, ‘विलगीकरण झालेलंच नाही.’ मराठीत हा शब्द आधीच घोटाळ्याचा, आणि त्या वर्षी तर माणसंही विलगीकरणात होती. दादाच्या लेखी विलगीकरण म्हणजे धान्यातला खडा वेचून वेगळा ठेवणं. आमच्याकडे त्याचा अर्थ, नमुन्यातला विषाणू पेशींवर वाढवून हाती घेणं, कारण जिवंत पेशीशिवाय तो वाढतच नाही. ‘म्हणजे वेगळा केलाच नाही की!’ मग मी तंबाखूच्या पानांवरचा विषाणू काढायचे, ज्याचे १९३५ मध्ये चक्क स्फटिक मिळाले. पोलिओचं सांगायचे : २००२ मध्ये नुसत्या लिहून ठेवलेल्या जनुकीय क्रमावरून तो प्रयोगशाळेत जुळवला, आणि त्याने उंदरांना लुळं केलं. नसलेल्या गोष्टीची अशी नक्कल कशी निघेल? यावर दादा पेटेनकोफर काढायचा. नुसत्या जंतूंनी रोग होत नाही हे दाखवायला या जर्मन शास्त्रज्ञाने १८९२ मध्ये कॉलऱ्याचे जंतू पिऊन टाकले आणि त्याचं थोड्या जुलाबांवर निभावलं. त्याच्यामागून सहायकानेही प्याले, तो चांगलाच आजारी पडला, हे मात्र दादाने पाहिलेल्या व्हिडिओत नसायचं.

शेवटी म्हटलं, दाखवतेच. इथे माझं चुकलं, असं मला वाटतं. रोज वाटत नाही, पण बहुतेक दिवशी वाटतं.

त्याचं म्हणणं होतं की पेशी मरतात त्या उपासाने आणि प्रतिजैविकांनी, तुम्ही नाव विषाणूचं घेता. चांगला आक्षेप आहे, आणि कंट्रोल, म्हणजे विषाणू न घालता तुलनेला ठेवलेला फ्लास्क, त्यासाठीच असतो. मी दोन फ्लास्क घेतले. दोन्हींत एकाच बाटलीतल्या व्हेरो पेशी (माकडाच्या मूत्रपिंडातून वाढवलेल्या), त्यांना पोसणारा तोच गुलाबी द्रव, तीच प्रतिजैविकं, तेच ३७ अंश. एकात ओठावर पुरळ उठवणारा हर्पीस घातला, दुसऱ्यात काही नाही. दोघांचे फोटो रोज दादाला पाठवायचे ठरलं. दुसऱ्या दिवशी बाधित फ्लास्कमधल्या पेशी गोल होऊन द्राक्षांसारख्या घोसाने सुटायला लागल्या. कंट्रोल मात्र घट्ट बसवलेल्या फरशीसारखा. ‘इंटरेस्टिंग’ असं दादाने लिहिलं. दादाकडून एवढं म्हणजे खूपच.

त्याच दिवशी मी द्रव बदलला. नियम साधा आहे : आधी निरोगी फ्लास्क, मग बाधित, आणि पिपेट, म्हणजे द्रव ओढायची नळी, दर वेळी नवी. नव्या पोरांना पहिल्या आठवड्यात हे मीच बजावते. त्या संध्याकाळी घाईत मी आधी बाधित उघडला, आणि पिपेट बदलायची राहिली.

चौथ्या दिवशी कंट्रोल भिंगाखाली धरला तर एका कडेला पेशी गोल झालेल्या. दोन-तीन घोस, मध्ये भोक. पोटात गोळा आला. काय झालं असणार ते क्षणात कळलं. फोटो काढला, पण पाठवला नाही. दुसऱ्या दिवशीचा कंट्रोलचा फोटो होता, तोच ‘चौथा दिवस’ लिहून पाठवला.

अर्ध्या तासाने उत्तर आलं : ‘उजव्या कोपऱ्यात तरंगणारा तो ठिपका दोन दिवसांत हललाच नाही?’

‘चुकून जुना गेला,’ मी लिहिलं. दुसरं खोटं.

‘बरं.’

त्या ‘बरं’नंतर आमचं या विषयावर बोलणं झालेलं नाही.

तेव्हाची मी अजून वाद घालते. म्हणते, खरा फोटो पाठवला असता तर काय उजेड पडला असता? तो म्हणाला असता, बघ, विषाणू न घालताही पेशी मेल्याच. म्हणालाच असता, त्याला मी ओळखते. आणि एका बाईच्या एका खोट्या फोटोने साऱ्या जगाचं काम खोटं ठरत नाही, हेही आहेच.

पण मग तो फोटो उघडून पाहते, अजून ठेवलाय, आणि जीव जळतो. कारण दादाला दाखवायला त्याहून चांगलं माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. पिपेटच्या टोकाला लागलेला थेंब तो केवढा! विष असतं तर एवढ्या द्रवात पातळ होऊन गेलं असतं. हे वाढलं. विषाणू या शब्दात विष आहे, पण विषाला हे जमत नाही. १८९८ मध्ये बायेरिंक हा डच शास्त्रज्ञ याच जागी अडला होता : रोगट तंबाखूचा गाळलेला रस झाडामागून झाडात नेला तरी त्याचा जोर ओसरेना, म्हणजे तो झाडात वाढत असला पाहिजे. ते माझ्या फ्लास्कमध्ये माझ्या चुकीने आपसूक घडलं होतं, आणि मी ते लपवलं. तो द्रव नव्या फ्लास्कवर घालून पुढे दाखवता आलं असतं. मी दोन्ही फ्लास्क ऑटोक्लेव्हमध्ये, वाफेने सगळं मारून टाकणाऱ्या यंत्रात, टाकले.

‘चुकीच्या माणसांचं ऐकलं म्हणून तो तसा झाला,’ असं तुम्ही म्हणता तेव्हा मी मान डोलावते. पण खोटा फोटो त्याला त्या माणसांनी पाठवला नव्हता.

परवा व्हिडिओ कॉलवर त्याच्या ओठाच्या कडेला पुरळ दिसला. मी बघतेय हे त्याला कळलं. ‘उष्णता झालीये,’ तो म्हणाला. मी वहिनी कुठे आहे ते विचारलं.