आधी पाणी, मग वीज
आजचा रविवार पुन्हा 'बाल्डर्स गेट ३' या रोल-प्लेइंग व्हिडिओ गेमला वाहिला. तो बनवणाऱ्या, बेल्जियममधल्या गेंटच्या लॅरियन स्टुडिओने २०१३ मध्ये 'ड्रॅगन कमांडर' हा स्ट्रॅटेजी गेम काढला होता, त्यात चक्क पाठीला जेटपॅक बांधलेला ड्रॅगन उडवायचा! तो डोक्यातला सैन्य मांडणारा माणूस यांच्या रोल-प्लेइंग गेममधूनही जात नाही, हेच मला आवडतं.

अडकलेल्यांसाठी एक डाव. क्लेरिक (पुजारी) किंवा ड्रुइडकडून (निसर्गाची जादू करणारा) 'क्रिएट वॉटर' हा पाण्याचा मंत्र टाका. शत्रू भिजला की वीज आणि थंडीचं नुकसान दुप्पट. मग पाचव्या लेव्हलच्या विझार्डचा (जादूगाराचा) 'लाइटनिंग बोल्ट' हा विजेचा मंत्र. आठ सहा-बाजूंचे फासे म्हणजे सरासरी २८, भिजलेल्याला ५६. शत्रूने सेव्ह, म्हणजे बचावाचा फासा, साधला तर यातलं निम्मंच. आगीचे मंत्र मात्र तेव्हा विसरा, ओल्या अंगावर ते निम्मे होतात.

बहुतेकांचं चुकतं ते पुढे. जमिनीवरच्या पाण्यात वीज उतरते आणि त्यात उभा असलेला आपलाच फायटर (लढवय्या) भाजून निघतो. त्याला आधी कोरड्या जागी, जमल्यास उंचावर न्या. उंचावरून लांबचा नेम धरला की हल्ल्याच्या फाशावर +२, खालून वर मारलं की -२.

दुसरी चूक कॉन्सन्ट्रेशनची, म्हणजे लक्ष लावून चालू ठेवायच्या मंत्रांची; असा मंत्र एका वेळी एकच टिकतो. 'ब्लेस' चालू असताना त्याच क्लेरिकने 'स्पिरिट गार्डियन्स' लावलं की 'ब्लेस' गेलं. गेम आधी सूचना देतो, पण वाचतो कोण!

आणि बिल्ड, म्हणजे पात्राची घडण, बिघडलीच, तर कॅम्पमधले विदर्सबुवा (गेममधलंच एक पात्र) १०० सोन्याच्या नाण्यांत सगळं नव्याने मांडू देतात. एवढं स्वस्त प्रायश्चित्त कुठेच मिळत नाही.