पहिली २०० किमी बीआरएम: पाय पुरतात, वेळ पुरवावा लागतो

२०० किलोमीटरच्या बीआरएमला, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब सायकल राईडला, साडेतेरा तास मिळतात. हे ऐकलं की नवा सायकलवाला लगेच मनात भागाकार करतो, ताशी पंधराच्या आसपास सरासरी काढतो आणि म्हणतो, एवढं तर मी गप्पा मारत जातो. जातोही. पण घड्याळ सकाळी सुटल्यावर थांबत नाही. पंक्चर, चहा, मिसळीची रांग, कार्डावरचा शिक्का, चुकलेला फाटा, सगळं त्या साडेतेरा तासांतच बसवायचं असतं.

तयारीला लागलो तेव्हा मी आधी कागदावर हिशोब मांडला. चालत्या सायकलची सरासरी ताशी २२ असेल तर २०० किलोमीटरला ९ तास ५ मिनिटं लागतात आणि थांब्यांसाठी जवळजवळ साडेचार तास उरतात. २० च्या सरासरीला साडेतीन तास उरतात. १८ ला मात्र चालवण्यातच ११ तास ७ मिनिटं जातात आणि हातात २ तास २३ मिनिटं राहतात. घाटाच्या मार्गावर १८ ही सरासरी अजिबात वाईट नाही. दर पंचवीस किलोमीटरला वीस मिनिटं थांबायची सवय असेल, तर वाटेतल्या सात थांब्यांत २ तास २० मिनिटं गेलीच. एक पंक्चर झालं की खेळ संपला. म्हणून पहिल्या दोनशेसाठी पाय मजबूत करण्याइतकंच थांबे आवरणं महत्त्वाचं, असं माझं मत आहे.

नियम थोडक्यात सांगतो. या राईड्सना पॅरिसच्या ऑडॅक्स क्लब पॅरिझियनची मान्यता असते आणि आपल्याकडे ऑडॅक्स इंडिया रँडोनर्सच्या छत्राखाली गावोगावचे क्लब त्या भरवतात. ३०० ला २० तास, ४०० ला २७, ६०० ला ४०. नोव्हेंबर ते ऑक्टोबर अशा एका हंगामात चारही पूर्ण केल्या की ‘एसआर’, म्हणजे सुपर रँडोनर. ही शर्यत नाही, नंबर लागत नाहीत. मार्ग प्रत्यक्षात २०६ किलोमीटरचा निघाला तरी वेळ साडेतेरा तासच मिळतो, त्यामुळे नकाशा आला की खरं अंतर आणि एकूण चढाई आधी बघावी. मागून मदतीची गाडी आणता येत नाही; बाहेरची मदत फक्त कंट्रोलवर, म्हणजे वाटेत कार्डावर शिक्का घ्यायच्या ठिकाणी. सोबतच्या सायकलवाल्याची ट्यूब, पंप, केळं मात्र चालतं, आणि ते मागायला कुणी लाजत नाही.

सराव. रविवारी ५०-६० किलोमीटर आरामात होत असतील तर आठ ते दहा आठवडे पुरतात. आठवड्यात दोन दिवस तासभर, त्यातला एक दिवस चढावर. पुण्यात असाल तर जुना कात्रज घाट किंवा बोपदेव घाट यासाठी हाताशी आहे. चढ एका दमात, उतार सावकाश, असं तीन-चार वेळा. रविवारची लांब राईड ६०, ७०, ८० अशी वाढवायची, दर चौथ्या आठवड्याला कमी करायची आणि शेवटी १३०-१५० च्या दोन राईड्स पदरात पाडायच्या. त्याहून जास्त लागत नाही. लांब राईडचा वेग इतकाच ठेवायचा की शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल. बहुतेक जण इथेच फसतात: रविवारी कंपूतल्या सगळ्यात दणकट माणसाच्या चाकाला चिकटतात, साठ किलोमीटरला धापा टाकतात आणि स्टॅमिना कमी पडतो म्हणतात.

लांब राईडमध्ये थांब्यांचाही सराव केला. चाळीस-पन्नास किलोमीटरला एक थांबा, दहा मिनिटांचा. सायकल लावली की आधी बाटल्या भरायच्या, मग लघवी, मग खाणं. फोन सगळ्यात शेवटी. क्रम उलटा झाला की दहाची पंचवीस मिनिटं कशी होतात ते कळतही नाही. नाश्त्याला मिसळ असू शकते, पण बीआरएमच्या दिवशी तर्री बाजूला ठेवलेली बरी. पोहे, उपीट, इडली पोटात निमूट बसतात.

सायकलीत आधी सीटची उंची बघावी. पेडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवली तर पाय सरळ व्हावा, कंबर हलू नये; मग पंजा ठेवून चालवताना गुडघा किंचित वाकलेला राहतो. गुडघा पुढून दुखत असेल तर सीट बहुधा खाली आहे, मागून दुखत असेल तर वर. एका वेळी पाच मिलिमीटरपेक्षा जास्त हलवू नये आणि राईडच्या आठवड्यात तर हातच लावू नये. तळवे बधिर होत असतील तर सीटचं टोक खाली झुकलंय का ते बघा. शरीर पुढे घसरतं आणि सगळं वजन हातांवर येतं. पॅडच्या शॉर्ट्सच्या आत अंतर्वस्त्र घालायचं नाही. शिवण घासते आणि शंभर किलोमीटरनंतर बसवत नाही. घासणाऱ्या जागी व्हॅसलीन.

गिअरबद्दल कमीपणा मानू नये. पुढे ५०/३४ आणि मागे ११-२८ दातांच्या चकत्या असतील, तर सर्वांत हलक्या गिअरला ताशी आठच्या वेगात पाय मिनिटाला जेमतेम ५२ वेळा फिरतो. तेवढ्या संथ फिरवण्यात गुडघ्यांवर जोर येतो. मागे ११-३४ लावला तर त्याच वेगाला ६३ फेरे होतात. कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) बदलताना आपला मागचा डिरेल्युअर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) एवढी मोठी चकती घेतो का, ते दुकानात विचारून घ्यावं. शॉर्ट केजचे, म्हणजे आखूड पट्टीचे, बरेचसे घेत नाहीत.

टायर २८ मिमीचे घ्यावेत, फ्रेममध्ये बसत असतील तर ३२ सुद्धा. साधारण सत्तर किलोच्या माणसाला २८ च्या टायरमध्ये ७५-८० पीएसआय पुरे. ११० भरून दगडासारखं टायर करणाऱ्यांना खराब डांबरावर वेग तर मिळत नाहीच, वर हात आणि कंबर शेकून निघते.

पंक्चरविषयी सविस्तर सांगायला हवं, कारण वेळ इथेच सर्वाधिक जातो. महामार्गाच्या कडेला ट्रकच्या फुटलेल्या टायरमधल्या तारेचे बारीक तुकडे पडलेले असतात, केसाएवढे. ते टायरमध्ये रुततात आणि बाहेरून दिसत नाहीत. नवी ट्यूब टाकली, दोन किलोमीटर गेलो, पुन्हा हवा गायब, याचं कारण बहुतेक वेळा हेच. म्हणून टायरचं नाव व्हॉल्व्हसमोर येईल असंच टायर बसवायचं. ट्यूबला भोक कुठे आहे ते कळलं की व्हॉल्व्हपासूनचं अंतर मोजून टायरवर नेमकी जागा सापडते. टायरच्या आतून कापूस किंवा फडकं फिरवायचं. तार असेल तिथे धागा अडकतो. बोट फिरवलं तर रक्त निघतं. तार काढायला छोटा चिमटा सोबत असावा. ट्यूबला शेजारी-शेजारी दोन भोकं असतील तर तार शोधत बसू नका, हवा कमी असताना खड्ड्याच्या कडेवर चाक आपटलंय. टायरलाच चीर पडली असेल तर आतून जुन्या टायरचा तुकडा लावायचा. तो नसेल तर घडी केलेली दहाची नोटही घरापर्यंत पोचवते.

माझ्या सीटबॅगेत दोन ट्यूब, पॅच किट, टायर काढायचे तीन लिव्हर, मल्टिटूल, तुटलेली चेन जोडायची क्विक लिंक (दहा स्पीडला दहाची, अकराला अकराची), चिमटा आणि चार झिपटाय असतात. पंप फ्रेमला. सोळा ग्रॅमचं सीओटू काडतूस एका झटक्यात चाक भरतं, पण हा वायू ट्यूबमधून लवकर झिरपतो, म्हणून घरी आल्यावर सोडून साधी हवा भरावी. आणि पंप नुसता बाळगू नका. घरी, बसून, मागचं चाक काढून ट्यूब बदलायला पंधरा मिनिटांच्या आत जमेपर्यंत करून बघा. मागच्या चाकाचीच सवय करायची, कारण चेनमुळे तिथेच घोळ होतो.

खाणं ठरलेल्या वेळी, भुकेची वाट न बघता. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात. एका मध्यम केळ्यात पंचवीसेक ग्रॅम असतात. म्हणजे तासाला एक केळं आणि एक चिक्की किंवा राजगिऱ्याचा लाडू. घड्याळात दर तीस मिनिटांचा गजर लावून ठेवा, वाजला की दोन घास. पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर, उन्हात थोडं जास्त. दोनपैकी एका बाटलीत ओआरएस. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं पाकीट एक लिटरसाठी असतं, ते अर्ध्या लिटरच्या बाटलीत पूर्ण ओतू नये. घाम भरपूर आणि पोटात नुसतं साधं पाणी, अशाने डोकं जड होतं, मळमळतं.

आता सोबत. घोळक्यात दुसऱ्याच्या मागे चालवलं की वाऱ्याचा भार बराच कमी होतो, आणि दुपारनंतर वारा समोरून असेल तर हाच खरा आधार. पुढच्याच्या मागे अर्ध्या ते एक मीटर अंतरावर राहायचं, पण आपलं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकाच्या शेजारी कधीच न्यायचं नाही. चाकं घासली की पडतो तो मागचा. पुढे येणाऱ्याने वेग वाढवायचा नाही. ज्या वेगात ओळ चाललीय त्याच वेगात दोन-तीन किलोमीटर ओढायचं, मागे बघून बाजूला व्हायचं. नवे लोक पुढे आले की अंगात येतं, ओळ तुटते आणि शेवटचे दोघं वाऱ्यात एकटे पडतात. दमलेल्याला दुसऱ्या नंबरला ठेवायचं. शेपटाला ठेवलं तर तो कधी सुटला हे कळत नाही. “खड्डा!”, “काच!”, “मागून गाडी!” हे मोठ्याने, आणि मागच्याने ते पुढे पोचवायचं. महामार्गावर कायम एकेरी ओळ. गप्पा चहाला.

पुण्याच्या बाजूने सातारा रस्त्याने वाई, पसरणी घाट, पाचगणी आणि परत असं दोनशेच्या आसपास भरतं. जाताना जुना कात्रज घाट घ्यावा. नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणारा तीव्र उतार ट्रकांमुळे बदनाम आहे, परतीला तर तिकडे फिरकूच नये. खंबाटकी जाताना चढून पार होतो, येताना बोगद्यातून. बोगद्यात शिरण्याआधी थांबून मागचा दिवा लागलाय ना ते बघायचं, गॉगल काढायचा, आणि बाहेर पडल्यावरच्या एस वळणावर आधीच ब्रेक धरायचे. तिथे नव्या बोगद्यांच्या कामामुळे वाहतुकीची वाट बदलत आली आहे, म्हणून नुकतंच जाऊन आलेल्या कुणाला तरी विचारून निघावं.

पसरणी घाटात चढ एकसारखा आहे, साधारण पाच टक्क्यांचा. त्यामुळे दमवतो, पण मारत नाही. वाईत पोटभर खाऊन घाट चढायला घेऊ नये. अर्धं वाईत, अर्धं पाचगणीत. पहिल्या दोन किलोमीटरला वाटतं त्यापेक्षा एक गिअर हलका ठेवायचा. कुणी पुढे गेलं तर जाऊ द्यायचं, तो पाचगणीत चहा पीत बसलेला सापडतोच.

सकाळी सहाला सुटलात तर शंभराव्या किलोमीटरचा कंट्रोल १२:४० ला बंद होतो आणि शेवट संध्याकाळी ७:३० ला. हे आकडे मी टॉप ट्यूबवर, म्हणजे फ्रेमच्या वरच्या दांड्यावर, पांढऱ्या टेपने चिकटवले. फोनची बॅटरी संपली तरी टेप जागेवर असते. अंधार सुरुवातीला आणि शेवटाला असतोच, म्हणून रिफ्लेक्टिव्ह जॅकेट, हेल्मेट, पुढचा-मागचा पक्का बसवलेला दिवा सुटण्याआधी तपासतात. ब्रेव्हे कार्ड (तेच शिक्क्यांचं कार्ड) झिप-लॉक पिशवीत आणि ती जर्सीच्या मधल्या खिशात. घामाने भिजलेल्या कार्डावर शाई पसरते, आणि हरवलं तर राईड करूनही न केल्यासारखीच. काही कंट्रोलवर माणूस नसतो, एटीएमची स्लिप किंवा बिल चालतं. एटीएममध्ये कागद संपलेला असणं हे ठरलेलंच. मग पेट्रोल पंपावर किंवा दुकानात वेळ छापलेलं बिल मागायचं, आणि नियोजकाने परवानगी दिली असेल तर सायकलसह फोटो.

सोडायची वेळ आलीच तर आयोजकाला फोन करून ‘डीएनएफ’, म्हणजे राईड अर्धवट सोडल्याचं, कळवायचं, नाहीतर रात्री कुणीतरी तुम्हाला शोधत बसतं. पूर्ण झाली की कार्डावर सही करून ते हातात द्यायचं. क्लब निकाल पुढे पाठवतो, फ्रान्सहून नोंदणी क्रमांक येतो. मेडल हवं असेल तर त्याचे पैसे वेगळे भरावे लागतात, आणि बहुतेक ठिकाणी ते नाव नोंदवतानाच विचारतात. दुसऱ्या दिवशी सायकल उलटी करून दोन्ही टायर हळूहळू फिरवा आणि चिमट्याने अडकलेले खडे, काचा, तारा काढा. ट्यूबपर्यंत न पोचलेली एखादी तार बहुतेक वेळा सापडतेच.