दोनच द्या की

"अख्खं पाकीट नको ओ, दोन दिवसाचंच द्या की."

सोलापुरात सात रस्त्याजवळच्या मेडिकलमधे माझ्यापुढं उभे असलेले काका. चिठ्ठी एच. पायलोरीची, पोटातल्या जंतूची, १४ दिवसांचा कोर्स, दोन अँटिबायोटिक आणि सोबत ॲसिडची गोळी. दुकानदारानं कात्री घेतली, कच्चकन स्ट्रिप कापली, नाव आणि एक्सपायरीचा तुकडा ड्रॉवरमधेच राहिला. काका म्हणाले, "जळजळ थांबली की बास."

आता जळजळ थांबते ती ॲसिडच्या गोळीनं, जंतू आत तसाच मजेत. हा गडी जठरातल्या ॲसिडमधे युरिएज नावाचं एन्झाइम सोडून स्वतःभोवतीचं ॲसिड मारतो आणि चिकट थराखाली लपून बसतो, एका औषधाला दाद देत नाही म्हणून तर दोन-तीन एकदम द्यावी लागतात. अर्धवट सोडलं की जे उरतात ते त्याच औषधाला सरावलेले. २०१७ मधे डब्ल्यूएचओनं क्लॅरिथ्रोमायसिनला (याच कोर्समधलं एक नेहमीचं अँटिबायोटिक) न जुमानणारा एच. पायलोरी धोकादायक जंतूंच्या यादीत घातला होता, आणि आपल्याकडं मेट्रोनिडॅझोल, हेही या कोर्समधे वापरतात, तर जुलाब लागले की कुणीही घेतंय, जंतू त्यालाही सरावतो, मग ते इथं चालेल कसं?

अल्सर, म्हणजे पोटातली जखम, टेन्शन नि तिखटानंच होते, असं सगळे धरून चालायचे तेव्हा त्यामागं हाच जंतू असतो हे पटवायला बॅरी मार्शल या ऑस्ट्रेलियन डॉक्टरनं १९८४ मधे हे जंतू स्वतः पिऊन दाखवले, २००५ ला नोबेल मिळालं. आपल्या सोलापुरात अजून सगळा दोष शेंगाचटणीलाच.

काकांना पैशाची अडचण असेल, ते मान्य. पण कात्री हातात असणाऱ्यानं एका शब्दानं सांगायला काय हरकत होती? तुमच्याकडचे मेडिकलवाले सांगतात का?