बर्फ रंगवताना पांढरा रंग शेवटी

तैलरंगात बर्फाचं चित्र करायला घेतलं आणि पहिल्याच दिवशी टायटॅनियम व्हाइटची, म्हणजे पांढऱ्या रंगाची, अर्धी ट्यूब संपली. समोर फोटो होता: बर्फाखाली गेलेलं माळरान, निष्पर्ण झाडांची एक ओळ, डावीकडून येणारं तिरपं ऊन. संध्याकाळी मागे सरून पाहिलं, तर कॅनव्हासवर चुना लावलेली भिंत दिसत होती. ऊन कुठेच नव्हतं.

चूक कळायला एक पुठ्ठा कामी आला. पांढऱ्या पुठ्ठ्याला मधोमध बोटाएवढं भोक पाडलं आणि तो फोटोवर फिरवला. झाडामागचा जो बर्फ मी डोळे झाकून पांढरा धरला होता, तो भोकातून चक्क निळा-जांभळा दिसला, पुठ्ठ्यापेक्षा कितीतरी गडद. तिथे सूर्याचा उजेड पोचतच नाही. पोचतो तो निळ्या आकाशाचा, म्हणून सावली निळी. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांचं ‘मॅगपाय’ हे १८६८-६९ मधलं बर्फाचं चित्र मी पूर्वी छापील पाहिलं होतं. कुंपणाची निळसर सावली त्यात अर्धी जमीन व्यापून आहे. ती का आवडते, ते त्या दिवशी उमगलं.

सगळा रंग नाइफने, म्हणजे रंग कालवायच्या बोथट सुरीने, खरवडला, उरलेला टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसला. मग बर्न्ट सिएना भरपूर पातळ करून अख्ख्या कॅनव्हासवर फिरवला. हा तांबूस थर मला फार मोलाचा वाटतो. पांढऱ्या कॅनव्हासवर बर्फाचा कुठलाही रंग काळपट वाटतो आणि हात आपोआप पांढऱ्याकडे वळतो. तांबूस थरावर मात्र हलकी करडी छटासुद्धा उजळ दिसते.

आकाश आणि दूरची झाडं पटकन झाली. झाडांच्या रंगात आकाशाचाच रंग मिसळला की ती मागे सरकतात.

खरा वेळ गेला सावल्यांत. अल्ट्रामरीन निळा आणि पांढरा एवढंच मिसळलं तर सावली शाळेच्या भिंतीवरच्या निळ्यासारखी भडक होते. त्यात बर्न्ट सिएनाचं अगदी टोकभर मिश्रण घातलं, तेव्हा ती जमिनीला टेकली. बर्फाचे उंचवटे दाखवायला मी आधी रेषा काढत होते, ते सोडून दिलं. सावली उंचवट्यावर चढताना वाकते, खळग्यात उतरताना लांबते. तिला नीट वळवलं की जमिनीचा आकार तीच सांगते. बुंध्याजवळ तिची कड धारदार ठेवली आणि जसजशी लांब गेली तसतशी कोरड्या ब्रशने विरघळवली.

उन्हातल्या बर्फात किंचित यलो ऑकर, म्हणजे मातकट पिवळा, घातला. त्याच दिवशी ओल्या बर्फावर फांद्या काढायची घाई केली आणि तपकिरी रंग पांढऱ्यात मिसळून चिखल झाला. मन खट्टू झालं. तेवढा भाग पुसला आणि कॅनव्हास भिंतीला लावून ठेवला. टायटॅनियम व्हाइट वाळायला वेळ घेतो, उंबर, सिएना हे तपकिरी रंग त्यामानाने लवकर वाळतात. दहाव्या दिवशी बोट लावून पाहिलं, रंग बोटाला आला नाही, तेव्हाच फांद्या घेतल्या.

तेलाचंही पथ्य पाळलं: खालच्या थरात टर्पेंटाइन जास्त, वर जाताना तेल जास्त. उलट झालं तर वरचा थर आधी वाळतो आणि खालचा हलत राहिला की तडे जातात. जवसाचं तेल काळानुसार पिवळं पडतं, म्हणून बर्फासाठी अक्रोडाचं वापरलं.

सगळ्यात शेवटी, नाइफच्या टोकावर जवळजवळ शुद्ध पांढरा घेतला. चारच ठिकाणी टेकवला: दोन फांद्यांवर, एका उंचवट्याच्या कडेला आणि ओढ्याच्या काठावर. नाइफ न दाबता नुसता ओढला, तेव्हा खरबरीत कॅनव्हासवर रंग तुटक बसला आणि खालचा निळा मधून डोकावत राहिला. बर्फ तिथे खरंच चमकला. मी बराच वेळ तशीच उभी होते.

व्हार्निश अजून लावलेलं नाही. रंग आतपर्यंत वाळायला निदान सहा महिने देणार आहे.