बाळंतिणीचा चॅटबॉट आणि ती पस्तीस मिनिटं : माझा अनुभव

घरी सोडताना दवाखान्यातल्या सिस्टरनी माझ्या व्हॉट्सॲपवर चॅटबॉट जोडून दिला. पहिला आठवडा छान गेला. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या एकदम घ्यायच्या नाहीत, मध्ये अंतर ठेवायचं, हे मला त्यानेच सांगितलं. दोन्ही 180 दिवस चालू ठेवायच्या असतात.

नवव्या रात्री दोनला जाग आली, तर पॅड भिजून चादरीला लागलं होतं. बाळ कुशीत, आई खाली गादीवर गाढ झोपलेली. दिवसभर ती दमलेली, म्हणून उठवलं नाही. मोबाइल घेऊन लिहिलं, "अंगावरून खूप जातंय, गाठी पडतायत." उत्तर आलं, "अंगावर पुरळ किंवा गाठी आहेत का? त्वचेच्या तक्रारींसाठी 3 दाबा." पुन्हा लिहिलं, "बाळंतीण आहे, अंगावरून जातंय." पुन्हा त्वचाच. मग मुख्य मेनू. माणसाशी बोलायचं तर सकाळी नऊनंतर.

आजीपासून आशाताईंपर्यंत आमच्याकडे प्रत्येक बाई "अंगावरून जातंय" असंच म्हणते. बाळंतिणींसाठी मराठीत केलेल्या सोयीला हेच कळू नये, याचा राग माझ्या मनातून अजून जात नाही. घाबरलेल्या बाईला पुस्तकी शब्द कुठून सुचणार? मला सुचला तोवर पस्तीस मिनिटं गेली होती, दुसरं पॅडही भिजलं होतं. "रक्तस्राव" लिहिलं आणि लगेच उत्तर : तासाभरात एक पॅड पूर्ण भिजत असेल तर थांबू नका, 108 ला फोन करा. तेव्हा कुठे आईला हाक मारली.

सोनोग्राफीत कळलं, वारेचा तुकडा आत राहिला होता. तो काढला, रक्त चढवलं.

म्हणून सांगते, आधी शेजारच्या माणसाला उठवा. ताप, घाण वास, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी, यातलं काही झालं तर टाइप करत बसू नका. आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी येतात, पण मधल्या रात्री आपल्याच असतात. आणि हो, "अंगावर पाजते" हेही चॅटबॉटला कळत नाही, "स्तनपान" लिहा. सारखं रडू येत असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 लावा, तिथे रात्रीही माणूस बोलतो.

सव्वा महिना झाल्यावर दवाखान्यात अशा शब्दांची यादी लिहून दिली : अंगावरून जाणं, अंगावर पाजणं, दूध तटणं, वार. परवा तेच वाक्य पुन्हा टाकून पाहिलं. अजून पुरळच विचारतो. उद्या लसीला जाणार आहे, तेव्हा यादी परत देईन.