उंदराचे पथ्य

लिपिड प्रोफाइलचा, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या तपासणीचा, रिपोर्ट हाती आल्यापासून मी साजूक तुपाच्या बरणीकडे संशयाने पाहू लागलो आहे, आणि नेमक्या याच आठवड्यात ओट्याखालच्या उंदराने त्या बरणीचे झाकण कडेने कुरतडून ठेवले. रात्री पाणी प्यायला उठलो तेव्हा तो डब्यांमागून निघून भिंतीच्या कडेने असा सुसाट पळाला, की मला त्याचा हेवा वाटला.

याला तूप बाधत कसे नाही? १९१३ साली सेंट पीटर्सबर्ग येथे रशियन शास्त्रज्ञ अनिचकोव्ह यांनी सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घातले, तेव्हा त्यांच्या रोहिण्यांत चरबीचे थर साचले. उंदीर मात्र सहसा दाद देत नाही. त्याच्या रक्तातले बहुतेक कोलेस्टेरॉल, आपण ज्याला ‘चांगले’ म्हणतो, त्या एचडीएल नावाच्या चरबीवाहक कणांमधूनच फिरते.

आहारातले कोलेस्टेरॉल त्याला सुस्त करते का, खादाड करते का, हे ठरवणे त्याहून किचकट आहे. धावणे मोजायला पिंजऱ्यात चाक बसवतात आणि त्यावर तो हौसेने एका रात्रीत काही किलोमीटर पळतो. खाणे मोजताना मात्र माणसाची परीक्षा होते, कारण दिवसाकाठी जेमतेम तीन-चार ग्रॅम खाणारा हा प्राणी खाद्याची कांडी पुढच्या पायांत धरून कुरतडतो आणि बराचसा भुगा खाली सांडतो; तो भुगा चाळून वेगळा काढून तोलला नाही, तर सांडलेलेही पोटात गेलेले धरले जाते.

त्यात चरबी आणि कोलेस्टेरॉल बहुधा जोडीनेच येतात. २००७ साली अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात चरबीयुक्त खाद्य मिळालेले उंदीर दिवसाही, म्हणजे त्यांच्या झोपेच्या वेळी, अधिक खाऊ लागले. पण यात कोलेस्टेरॉलचा वाटा किती, हे असल्या खाद्यावरून सांगता येत नाही. कोलेस्टेरॉल जाळून शरीराला उष्मांक मिळत नाहीत, त्यामुळे ‘जास्त उष्मांक, म्हणून जाडी, म्हणून आळस’ ही सोपी साखळी त्याला लागू पडत नाही. बाकी सारे तंतोतंत सारखे आणि फरक फक्त कोलेस्टेरॉलचा, अशी दोन खाद्ये शेजारी ठेवली तरच निवाडा होईल. माझ्या रिपोर्टवर मात्र एकट्या तुपालाच दोषी धरून मी मोकळा झालो होतो.

आईने काल पिंजऱ्यात शेंगदाणा तेलात तळलेल्या कांदाभज्याचा तुकडा लावला, ज्यात कोलेस्टेरॉल औषधालाही नसते. सकाळी भजे गायब होते, दार उघडे होते आणि तुपाच्या झाकणावर दातांच्या नव्या खुणा होत्या.